रोपं फुकट मिळतील, पाण्याचे पैसे कोण देणार?

मागच्या अंकात आम्ही लिहिलं होतं की गल्लीत, गावात, शाळेत झाडांचं, तळ्याचं, ओढ्याचं काही काम करायचंय पण पैशापाशी गाडी अडलीय असं असेल तर कळवा. भरपूर पत्रं आली, व्हॉट्सअ‍ॅप तर विचारूच नका. सगळ्यांना इथं उत्तर देणं जमणार नाही, पण बरेचसे प्रश्न एकमेकांसारखेच होते म्हणून त्यातले सात घेतलेत. नावं कुणाचीच छापत नाही.

प्रश्न : ताई नमस्कार. आमचं कोल्हापुरात शिवाजी पेठेत छोटं तरुण मंडळ आहे. यंदा गणपतीत डॉल्बी लावायची नाही असं पोरांनी ठरवलं आणि त्यातनं ८० हजार शिल्लक राहिले. त्या पैशात रंकाळ्याकडं जाणाऱ्या आमच्या रस्त्याला ६० झाडं लावायचीत. सगळे म्हणतात एवढ्यात काय होतंय, पुरणार नाहीत. बाकीचे पैसे कुठनं मिळतील, आमदार-खासदार निधीतनं मिळतील का? आणि मंडळ रजिस्टर नाही, चालतंय का?

उत्तर : पोरांनो, आधी शाब्बास. पेठेत डॉल्बी नको म्हणणं किती जड जातं हे मला चांगलं माहिताय, शेजारचं मंडळ काय म्हणेल इथपासनं सुरुवात असते. त्यामुळं तुमचे हे ८० हजार माझ्या दृष्टीनं लई मोठे आहेत आणि ते वाया जाऊ नयेत म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सतरा-अठरा वर्षांपूर्वी आम्ही पहिल्यांदा झाडं लावली तेव्हा एका कंपनीनं २०० रोपं दिली होती, बॅनर झाला, फोटो झाले, पेपरला बातमी आली. पुढच्या एप्रिलमध्ये मी आणि एक मैत्रीण एकेक रोप बघत त्या रस्त्यानं चालत गेलो. रोप वाळलेलं दिसलं तरी लगेच मेलं म्हणायचं नसतं, नखानं साल जराशी खरवडायची, आत हिरवं दिसलं तर जीव आहे. आम्ही दोघी खरवडत गेलो, खरवडत गेलो आणि २०० पैकी ३१ ठिकाणी हिरवं दिसलं. रोपांना, खड्ड्यांना, बॅनरलासुद्धा पैसे होते पण पाण्याला एक रुपया कुणी धरला नव्हता, आम्हीही नाही. त्या दिवसापासनं मी कुणालाही एकच सांगते, पैसे मागायचे असतील तर पहिल्यांदा पाण्याचे मागा. रोपं सामाजिक वनीकरणाच्या आणि वन विभागाच्या रोपवाटिकेत पावसाळ्याच्या तोंडावर सवलतीत मिळतात, कुणी ना कुणी फुकटही देतं. पाणी मात्र फुकट मिळत नाही.

आता तुमचा हिशोब मांडू या. ६० झाडांना लोखंडी ट्री गार्ड घ्यायचं म्हटलं तर आत्ताच्या भावानं एकेक हजार-बाराशेच्या खाली येत नाही, म्हणजे ७० हजार तिथंच गेले आणि पहिला उन्हाळा यायच्या आत तुमचा खिसा रिकामा. त्यापेक्षा ३० झाडं लावा. गार्डचे ३६ हजार. मग डिसेंबर ते मे हे सव्वीस आठवडे, पहिल्या वर्षी आठवड्यातनं दोनदा झाडामागं २० लिटर, म्हणजे एका खेपेला ६०० लिटर. छोटा हत्ती टेम्पो आणि त्यात सिंटेक्सची टाकी, पाण्यासकट खेपेला ६०० रुपये धरले तर ५२ खेपांचे ३१,२००. दुसऱ्या उन्हाळ्यात आठवड्यातनं एकदा, १५,६००. तिसऱ्या उन्हाळ्यात पंधरवड्यातनं एकदा, ७,८००. सगळं मिळून नव्वद हजाराच्या आसपास जातंय, त्यात शेणखत, खड्डे, बांधायला सुतळी-काठ्या धरल्या की लाखभर. म्हणजे तुम्हाला कमी पडतायत ते वीस हजार, लाखो नाहीत. तुमच्या इथला भाड्याचा दर टाकून परत गणित करा आणि हाच कागद घेऊन लोकांकडं जा, कारण "झाडं लावायचीत, मदत करा" म्हटल्यावर माणूस पाचशे देतो आणि "दुसऱ्या उन्हाळ्याच्या पाण्याच्या सव्वीस खेपा आहेत, त्यातल्या दोन तुमच्या" म्हटलं की तोच माणूस बाराशे देतो. हे मी स्वतः अनुभवलंय.

गार्डसाठी अजून एक सांगते. शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगर इथं फौंड्री आणि फॅब्रिकेशनवाले आपल्यातलेच आहेत, मंडळातल्या कुणाचा तरी भाऊ, मेव्हणा तिथं असणारच. पैसे मागू नका, भंगारातल्या सळ्या आणि एका रविवारचं वेल्डिंग मागा. वस्तू आणि काम द्यायला माणूस लवकर तयार होतो, आणि आपण वेल्ड केलेल्या गार्डातलं झाड तो येता-जाता बघतो.

पैशाच्या आधी परवानगी. रस्ता महापालिकेचा आहे, त्यामुळं उद्यान विभागाला अर्ज द्या आणि कुठं खड्डा मारायचा ते त्यांच्याकडनं खुणा करून घ्या, नाहीतर पहार थेट पाण्याच्या पाईपवर बसते. विजेच्या तारेखाली उंच वाढणारं काही नको. रस्त्याला बहावा, ताम्हण, करंज, कांचन चांगली. वड-पिंपळ गटारीला आणि भिंतीला चिकटून लावू नका, त्यांना मोकळी जागा शोधा. रोप पाच-सहा फुटांचं घ्या, वीतभर रोप रस्त्यावर टिकत नाही.

रजिस्टर नसलेल्या मंडळाचं म्हणाल तर गणपतीची वर्गणी गोळा करायला धर्मादाय कार्यालयाकडनं कलम ४१ क ची परवानगी घेता ना, झाडांसाठी लोकांकडनं पैसे गोळा करतानाही नोंदणी नसेल तर तीच वाट आहे, आणि नंतर हिशोब द्यायचा असतो. वर्गणी गणपतीसाठी घेतली होती आणि आता ती झाडांना वापरताय, तर बैठक घेऊन ठराव लिहा, सह्या घ्या आणि मंडळाच्या फळ्यावर लावा. पुढं असली कामं दरवर्षी करायची असतील तर नोंदणी करूनच टाका. किमान सात जण लागतात, १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली, दोन्ही कामं धर्मादाय कार्यालयातच होतात.

आमदार-खासदार निधीचंही तुम्ही विचारलंय. खासदारांना वर्षाला ५ कोटी असतात हे खरं आहे पण तो पैसा मंडळाच्या खात्यात येतो असं समजू नका. त्यांनी काम सुचवायचं, जिल्हा प्रशासनानं मंजूर करायचं आणि सरकारी यंत्रणेनं करायचं, आणि मुख्यतः ते टिकाऊ, सार्वजनिक मालकीचं काम असावं लागतं. आमदार निधीचंही साधारण तसंच. म्हणून तिथं रोपं मागू नका. बोअर मागा, एक नळजोड मागा, पाण्याची लाईन मागा. एकदा रस्त्याच्या टोकाला पाणी आलं की छोटा हत्तीचे पैसे वाचले आणि पुढच्या वर्षी उरलेली ३० झाडं लावता येतील.

प्रश्न : मी करवीर तालुक्यातल्या एका गावातली, बचत गटाची अध्यक्ष आहे. आमच्या गावतळ्यात केंदाळ (जलपर्णी) इतकं वाढलंय की पाणी दिसत नाही, डास झालेत, जनावरं पाण्यावर नेता येत नाहीत. दोन वर्षांपूर्वी गावानं वर्गणी काढून जेसीबी लावून सगळं काढलं, ७० हजार गेले, आणि सहा महिन्यांत परत पहिल्यासारखं. आता वर्गणी मागायला गेलं की लोक तोंड फिरवतात. सरपंच म्हणतात निधी नाही. काय करावं?

उत्तर : ताई, लोकांनी तोंड फिरवलं त्यात त्यांची काही चूक नाही, त्यांनी पैसे दिले आणि तळं परत होतं तसं झालं. पण तुमची पण चूक नाही, कारण जेसीबीवाल्यानं केंदाळ काढलं आणि त्याला जेवण घालणारी गटार तशीच राहिली.

एकदा तळ्यावर गेलात की एक केंदाळ हातानं उपटून बघा. देठाला हवेनं फुगलेला गोळा असतो, त्यावर ते तरंगतं, आणि खाली हातभर काळ्या मुळ्यांचा पिसारा लोंबत असतो, त्यात गाळ, बारीक शंख, सगळं अडकलेलं. त्या मुळ्या पाण्यातलं खत ओढतात. खत कुठलं, तर घराघरातलं सांडपाणी, साबण, गोठ्याचं पाणी, शेणाचा ओहोळ. जेवढं ते तळ्यात उतरतंय तेवढं केंदाळ वाढणार, अनुकूल पाणी मिळालं तर दोन आठवड्यांत दुप्पट होतं. आणि बी चिखलात पडलं की वर्षानुवर्षं जिवंत राहतं. पंचगंगेतही हेच बघतो आपण, पावसाळा संपला, कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना बरगे घातले, पाणी थांबलं की हिरवा गालिचा पसरायला लागतो. थांबलेलं पाणी आणि वरनं येणारं सांडपाणी, या दोन गोष्टी जमल्या की झालं.

म्हणून पैसे मागताना आधी सांडपाण्याचे मागा. आणि तिथं "निधी नाही" हे उत्तर मी तरी लगेच मानणार नाही. पंधराव्या वित्त आयोगात ग्रामपंचायतीला येणाऱ्या पैशातला ६० टक्के भाग बंधित होता, म्हणजे स्वच्छता आणि पाण्याच्या कामालाच वापरायचा, रस्त्याला-कमानीला नाही. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात ५,००० पर्यंत लोकसंख्येच्या गावाला सांडपाण्यासाठी माणशी २८० रुपये आणि त्याहून मोठ्या गावाला माणशी ६६० रुपये असा हिशोब होता. तुमचं गाव ३,००० चं असेल तर करा बेरीज, ८ लाख ४० हजार होतात. त्यातनं गावाला काय मंजूर झालं, काय खर्च झालं, शिल्लक किती, नव्या आयोगाच्या पैशातनं काय धरलंय, हे ग्रामसेवक भाऊसाहेबांना लेखी विचारा. आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात पण तुम्ही भाऊसाहेबच म्हणणार. भांडायला म्हणून जाऊ नका, वही घेऊन जा, आकडे लिहून घ्या. एवढं केलं की पुढचं बोलणं आपोआप वेगळं होतं.

त्या पैशातनं काय करायचं, तर वरच्या आळीत जिथं जागा आहे तिथं घरोघरी शोषखड्डे, आणि जिथं दाटीवाटी आहे तिथली गटार वळवून तळ्याच्या अलीकडं सांडपाणी निवळायचं एक स्थिरीकरण तळं किंवा दगड-गोट्यांचा, कर्दळ लावलेला गाळणीचा पट्टा. कर्दळ आपल्याकडं परसात न्हाणीच्या पाण्यावर लावतातच की, तेच तत्त्व. हे झाल्याशिवाय तळ्यात जेसीबी उतरवू नका, कितीही कुणी फुकट देतो म्हटलं तरी.

तुमच्या हातात एक चांगली गोष्ट आहे ती म्हणजे महिला ग्रामसभा. कायद्यानं मोठ्या ग्रामसभेच्या आधी बायकांची सभा घ्यायची असते. पुष्कळ गावांत ती फक्त रजिस्टरमध्ये होते. तुम्ही गटाच्या सगळ्या बायका घेऊन जा आणि तळ्याच्या सांडपाण्याचं काम "आमचं गाव आमचा विकास" आराखड्यात घ्या असा ठराव करून घ्या. आराखड्यात नाव नसलेल्या कामाला पैसा मिळत नाही, मग सरपंच कितीही भला असला तरी.

त्यानंतर गाळ. तळं आटलं की "गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार" योजनेत मशीन आणि इंधनाचा खर्च शासनाकडनं होतो, शेतकऱ्यानं गाळ शेतात न्यायचा. लहान आणि अल्पभूधारक शेतकऱ्याला गाळ वाहून न्यायला एकरी १५ हजार, जास्तीत जास्त अडीच एकरांचे ३७,५०० असं अनुदान ठरलेलं आहे. ग्रामपंचायतीनं मागणी करायची असते. आणि तळं कुणाच्या नावावर आहे ते सातबाऱ्यावर आधी बघा, ग्रामपंचायत, जलसंधारण की महसूल, कारण मालक सोडून दुसऱ्याच ऑफिसला अर्ज करत बसलात की वर्ष जातं.

केंदाळ काढायचं काम मार्च-एप्रिलमध्ये, पाणी कमी झाल्यावर आणि जांभळी फुलं यायच्या आत. जाड दोर दोन्ही काठांवरनं माणसांनी धरून ओढत आणलं तर एका कडेला गोळा होतं, मग काढायला सोपं जातं. काढलेलं काठावरच टाकलं तर पहिल्या वळवात परत पाण्यात, म्हणून चांगलं लांब नेऊन वाळवा, शेणकाला घालून खत होतं. एकदा मोकळं झालं की दर पंधरा दिवसांनी दोन माणसं अर्धा दिवस तळ्यावर, बास. ही मजुरी वर्षाची काढून ठेवा. गावाकडं वर्गणी मागायचीच तर या दोन माणसांच्या मजुरीची मागा. ७० हजारांच्या जेसीबीपेक्षा लोकांना ते पटेल, कारण दर पंधरवड्याला काम दिसेल.

प्रश्न : आमचा ज्येष्ठ नागरिकांचा ग्रुप आहे. दोन वर्षांपूर्वी संस्था रजिस्टर केली. कळंबा तलावाच्या बाजूला झाडं आणि पक्ष्यांसाठी काम करतो, सगळं पदरमोड करून. एका कंपनीत सीएसआरचे, म्हणजे समाजकामाला ठेवलेले पैसे मागायला गेलो तर त्यांनी सीएसआर-१ आहे का, १२ए आहे का, ८०जी आहे का असं विचारलं, आम्ही गप्प बसून परत आलो. हे आम्हाला झेपणार का?

उत्तर : काका, झेपणार. तुमच्यात कुणीतरी बँकेतनं किंवा सरकारी खात्यातनं रिटायर झालेलं असणारच, त्यांना हे कागद म्हणजे रोजचं काम होतं.

२०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १३५ सांगतं की ज्या कंपनीची नेटवर्थ ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी किंवा त्याच्या वर आहे तिनं मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के समाजकामाला खर्च करायचे. पर्यावरण त्या यादीत आहे. नफ्याची अट ५ कोटींची असल्यामुळं आपल्या कागल, शिरोली, गोकुळ शिरगावच्या पुष्कळ मध्यम कंपन्याही यात बसतात, मुंबई-पुण्याच्याच मोठ्या कंपन्या लागतात असं नाही. शिवाय जिची सीएसआरची रक्कम वर्षाला ५० लाखांच्या आत आहे तिला वेगळी समिती नेमायची सक्ती नाही, संचालक मंडळच ठरवतं, म्हणजे तुम्हाला थेट मालकासमोर बसता येतं.

कागदांचं म्हणाल तर १२ए म्हणजे संस्थेच्या उत्पन्नाला करमाफी, ८०जी म्हणजे देणगी देणाऱ्याला सवलत, दोन्ही आयकर खात्याकडनं ऑनलाईन, सीए एकदा गाठा. सीएसआर-१ हा फॉर्म १ एप्रिल २०२१ पासनं कंपनी खात्याच्या पोर्टलवर भरावा लागतो, त्यातनं एक नंबर मिळतो आणि तो नसेल तर कंपनीला संस्थेमार्फत सीएसआर खर्च करता येत नाही. तुमच्यापुढची खरी अडचण वेगळीच आहे, ती म्हणजे तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो. तुमची दोन झालीत. मग तोपर्यंत जुन्या, नोंदलेल्या संस्थेबरोबर मिळून काम करा, आणि हे वर्ष नोंदी ठेवण्यात घालवा. कुठलं झाड, कधी लावलं, आज उंची किती, पक्षी कुठले दिसले, खर्च किती, पावती कुठंय. तुमची ती वहीच पुढं तुमचा अनुभव म्हणून टेबलावर ठेवायचीय.

आणि एक नियम कायम लक्षात ठेवा, माझ्या मते यातला सगळ्यात कामाचा. सीएसआरमध्ये "चालू प्रकल्प" म्हणून सुरू झालेलं वर्ष सोडून अजून तीन वर्षांपर्यंत पैसे देता येतात. मग आपण एका वर्षाचे का मागायचे? कंपनीचा माणूस म्हणेल एवढी रोपं घ्या आणि ५ जूनला कार्यक्रम करू. त्याला नम्रपणे सांगा की रोपं निम्मी द्या, पण पैसे तीन उन्हाळ्यांचे द्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलात तर त्यांना पैसे संपवायची घाई असते आणि मग नुसता कार्यक्रम होतो. एप्रिल-मे मध्ये, वर्षाचं बजेट ठरताना जा.

साध्या देणगीदारांसाठी दोनच गोष्टी. रोख २,००० च्या वर घेतलीत तर त्याला ८०जी ची सवलत मिळत नाही, आणि नवी करपद्धत घेतलेल्यालाही ती मिळत नाही, हे आधीच स्पष्ट सांगा म्हणजे नंतर कटुता येत नाही.

प्रश्न : माझा चुलतभाऊ अमेरिकेत आहे, गावच्या ओढ्याच्या कामाला पाच हजार डॉलर देतो म्हणतोय. संस्थेच्या खात्यावर घेऊ का?

उत्तर : आधी भावाला पासपोर्ट कुठला आहे ते विचारा. भारतीय पासपोर्ट असेल आणि स्वतःच्या बचतीतनं, बँकेतनं रीतसर पाठवणार असेल तर ते परदेशी देणगीत धरत नाहीत, चालतं. पासपोर्टची प्रत आणि त्याचं पत्र फाईलला ठेवा. तो अमेरिकेचा नागरिक झाला असेल तर मग तो रक्ताचा भाऊ असला तरी कायद्यानं परदेशी स्रोत आहे आणि एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखालच्या नोंदणीशिवाय किंवा पूर्वपरवानगीशिवाय एक डॉलरसुद्धा संस्थेनं घेता येत नाही. कुणा ओळखीच्याच्या खात्यावरनं फिरवून घेऊ असं कुणी सुचवलं तर अजिबात ऐकू नका, संस्था गोत्यात येईल. ओढ्याला पैसे इथनंही उभे राहतील.

प्रश्न : आमी प्रयाग चिखलीचे. नदीकाठाला झाडं लावायला एक जण ट्री गार्डसकट १०० रोपं देतोय, जूनमध्ये. घ्यावीत का? २०१९ ला आणि २०२१ ला आमचं काय झालं ते तुमाला माहितच आहे.

उत्तर : माहिताय दादा, पुरात अख्खं गाव सोडायची वेळ आली होती तुमच्यावर. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ म्हणजे धोका हे आपल्याकडं शाळेतल्या पोरालाही पाठ असतं, आणि त्या दोन्ही वर्षी पाणी ५५ च्या पलीकडं गेलं होतं. कोवळं रोप आणि लोखंडी गार्ड त्यात राहत नाही, उलट गार्डला वाहून आलेलं गवत-प्लास्टिक अडकतं आणि गार्ड रोपाला मुळासकट घेऊन जातं.

देणाऱ्याला सांगा, रोपं घेतो पण जूनमध्ये नको, सप्टेंबरअखेर नाहीतर ऑक्टोबरमध्ये पूर उतरल्यावर, आणि गार्डच्या पैशात पाईप आणि पाणी ओढायला इंजिनाचं भाडं दे. ओल असतेच, मुळं धरतात, पहिला उन्हाळा नदीचंच पाणी पाजून काढायचा. पुढच्या पुरापर्यंत आठ-नऊ महिने मिळतात. झाडं काठाचीच घ्या, करंज, जांभूळ, उंबर, अर्जुन, आणि अगदी पाण्यालगत वाळुंज, ते वाकतं पण मोडत नाही. वाळुंजाच्या फांद्याही रोवून जगतात, त्याला कुणाकडं मागायला जायची गरज नाही. गार्डऐवजी काटेरी फांद्यांचं कुंपण घाला. कुणाच्या उसाच्या बांधाला सावली पडणार असेल तर आधी त्या शेतकऱ्याशी बोला, नाहीतर रात्रीत उपटली जातात, तो राग मी पाहिलाय.

प्रश्न : पन्हाळ्याच्या बाजूला आमच्या गावचा मोठा सडा मोकळाच पडलाय, नुसतं कातळ आणि गवत. एक जण तिथं मियावाकी जंगल करून देतो म्हणतोय, खर्च सगळा त्याचा. गाव तयार आहे. तुमचं मत?

उत्तर : माझं मत नको असं आहे, आणि पैसे फुकट मिळतायत म्हणून तर अजिबात नको.

सडा मोकळा पडलेला नसतो. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये एकदा तिथं गुडघ्यावर बसून बघा. कातळावर बोटभर मातीचा थर, त्यात साचलेलं पाणी, आणि त्या एवढ्याशा जागेत निळी सीतेची आसवं, किडे खाणारी दवबिंदू, गेंद, कितीतरी प्रकारची गवतं. यातल्या काही वनस्पती पश्चिम घाटाच्या या कातळांशिवाय जगात दुसरीकडं नाहीत. मियावाकी पद्धतीत जमीन खोल उकरून, बाहेरची माती-खत भरून चौरस मीटरला तीन-चार रोपं लावतात. जिथं मुळातच जंगल होतं आणि माती खोल आहे, शहरातली एखादी पडीक जागा आहे, तिथं ते ठीक आहे. सड्यावर केलंत तर आधी फोडला जातो तो कातळ, मग जातं ते फूल, आणि चार वर्षांनी पाणी न मिळून ती झाडंही वाळतात. शिवाय पावसाचं पाणी सड्यावरनं झिरपून खाली तुमच्या झऱ्याला येतं, ती वाट बिघडली तर बायकांच्या डोक्यावर परत हंडा.

त्या माणसाची इच्छा चांगली आहे, त्याला घालवू नका. गावाजवळ देवराई असेल, तिची कड झिजली असेल, तर तिथं बियांपासनं तयार केलेली स्थानिक रोपं आणि गुरं आत शिरू नयेत म्हणून गडगा, एवढं मागा. आणि २००२ च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी, लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. तुमच्याकडं ती आहे का, भरलीय का, ते बघा. नसेल तर त्या दात्याकडनं नोंदवहीच्या कामाला पैसे घ्या, एखाद्या कॉलेजच्या वनस्पतीशास्त्राच्या मुलांना सड्यावर घेऊन या. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना त्या गवतांची नावं येतात, ती अजून आहेत तोवर लिहून घ्यायला पाहिजेत.

प्रश्न : मी अकरावीत आहे. आमच्या कॉलनीत एक खूप जुनं नांदरूक आहे. रस्ता करताना त्याच्या बुंध्यापर्यंत काँक्रीट केलंय, पेव्हर बसवलेत. आता एका बाजूच्या फांद्या वाळायला लागल्यात. माझ्याकडे पैसे नाहीत आणि कॉलनीतले कोणी लक्ष देत नाहीत. मी एकटी काही करू शकते का?

उत्तर : करू शकतेस बाळा, आणि याला जवळजवळ पैसे लागतच नाहीत.

मुळांना पाणी आणि हवा मिळत नाहीये म्हणून फांद्या वाळतायत. दिल्लीच्या एका प्रकरणात राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ मध्ये झाडाभोवतीचं एक मीटरमधलं काँक्रीट काढायला सांगितलं होतं, तेव्हापासनं देशभर लोक त्याचा दाखला देतात. आपल्या राज्यात शहरातल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला हेरिटेज वृक्ष म्हणतात. तुझं नांदरूक किती जुनं आहे ते कॉलनीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या आजी-आजोबांना विचार, ते लहान असताना ते केवढं होतं हे त्यांना आठवत असतं. तेवढं लिहून घे.

मग चार फोटो काढ, एक पूर्ण झाडाचा, एक वाळलेल्या फांद्यांचा, एक बुंध्याजवळच्या काँक्रीटचा आणि एक टेप लावून बुंध्याच्या घेराचा. साध्या मराठीत एक पानाचा अर्ज लिही, महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाला, की बुंध्याभोवतीचं एक मीटर काँक्रीट काढून आळं करून द्यावं. दोन प्रती काढ, एकीवर आवक शिक्का आणि तारीख मारून घे, ती प्रत जपून ठेव. आईला किंवा बाबांना बरोबर ने. पंधरा दिवसांत काही झालं नाही तर तीच प्रत घेऊन परत जा.

स्वतः पहार घेऊन फोडायला बसू नकोस, मुळाला लागलं तर झाड आणखी दुखावेल, त्यांच्या माणसांसमोरच ते होऊ दे. आळं झालं की काठाला विटांची एक ओळ उभी कर, गाड्या वर चढणार नाहीत. आणि पहिला वळीव झाला की जाऊन बघ, आळ्यात पाणी थांबतंय की वाहून जातंय. मला कळव, मी येऊन बघेन.